जावात कन्स्ट्रक्टर वापरून ऑब्जेक्ट कसा तयार करावा

उदाहरणाला ‘पुस्तक’ नावाचा क्लास घेऊ. क्लास म्हणजे साचा, त्यावरून बनलेली प्रत्येक वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट, आणि ऑब्जेक्ट बनताना त्यात सुरुवातीच्या किमती भरणारा कोड म्हणजे कन्स्ट्रक्टर. त्यात दोन फील्ड, म्हणजे माहितीचे कप्पे: स्ट्रिंग (मजकूर) प्रकारचं ‘नाव’ आणि इंट (पूर्णांक) प्रकारची ‘पाने’. क्लास आणि व्हेरिएबलची नावं जावात देवनागरीत खरोखर चालतात. स्ट्रिंग, इंट, न्यू, धिस हे शब्द मात्र टाइप करताना इंग्रजी अक्षरांतच हवेत (String, int, new, this).

पायरी 1. क्लासच्या आत कन्स्ट्रक्टर लिहा:

पुस्तक(स्ट्रिंग नाव, इंट पाने) {
    धिस.नाव = नाव;
    धिस.पाने = पाने;
}

कन्स्ट्रक्टरचं नाव क्लासचंच असतं आणि त्याला रिटर्न टाइप (परत मिळणाऱ्या किमतीचा प्रकार) नसतो, ‘काहीच परत मिळत नाही’ असं सांगणारा व्हॉइडसुद्धा नाही. सवयीने हात व्हॉइडकडे जातोच. गंमत अशी, की त्या ओळीवर कंपायलर (आपला कोड तपासून भाषांतरित करणारा प्रोग्राम) हूं की चूं करत नाही. त्याच्या लेखी ती एक साधी मेथड, म्हणजे क्लासमधलं नाव दिलेलं एक काम. एरर येतो तो खाली, जिथे आपण ऑब्जेक्ट बनवतो तिथे, आणि आपण भलत्याच ओळीत चूक शोधत बसतो.

धिसचं दुखणं याहून छुपं. डावीकडचं ‘धिस.नाव’ हे ऑब्जेक्टचं फील्ड, उजवीकडचं ‘नाव’ हा पॅरामीटर, म्हणजे कंसातून आत आलेली किंमत. धिस गाळला तर पॅरामीटरची किंमत पॅरामीटरलाच दिली जाते. प्रोग्राम बिनतक्रार चालतो आणि छापतो काय, तर नल (म्हणजे काहीच नाही) आणि 0. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली आहे.

पायरी 2. मेन मेथडमध्ये, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो तिथे, ऑब्जेक्ट बनवा:

पुस्तक पहिलं = न्यू पुस्तक("व्याकरण", 180);

न्यू आधी मेमरीत जागा घेतं, फील्डमध्ये नल आणि 0 ठेवतं, मग कन्स्ट्रक्टर चालतो. ‘पहिलं’मध्ये ऑब्जेक्ट नसतो, त्याचा रेफरन्स, म्हणजे तो कुठे आहे याचा पत्ता, असतो. म्हणून ‘पुस्तक दुसरं = पहिलं;’ लिहिल्याने दुसरं पुस्तक तयार होत नाही. ‘दुसरं.पाने = 200;’ करा आणि ‘पहिलं.पाने’ छापून बघा: 200.

पायरी 3. रिकाम्या कंसाचा कन्स्ट्रक्टर हवा असेल तर तोही लिहा. क्लासमध्ये एकही कन्स्ट्रक्टर नसेल तेव्हाच कंपायलर तो आपणहून देतो. आपण वरचा लिहिला, आता ‘न्यू पुस्तक()’ला एरर येणार.

पुस्तक() {
    धिस("अनामिक", 0);
}

हा धिस म्हणजे आपल्याच दुसऱ्या कन्स्ट्रक्टरला मारलेली हाक. ती पहिल्याच ओळीत ठेवा. जावा 25 मध्ये हा नियम सैल झाला असला, तरी ती हाक खाली ठेवली तर जुन्या आवृत्तीवर कोड कंपाइल होणार नाही.