मेंदूचा एमआरआय अभ्यास करताय? आधी या चुका टाळा

जळगावात रात्री नऊनंतर रुग्णांची रांग संपली की संशोधनाच्या कामाला दीड टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) एमआरआय मशीन मोकळं मिळतं. विद्यार्थ्यांसाठी स्कॅन घ्यायचे आणि नंतर त्यांच्या शेजारी बसून डेटा बघायचा, हे माझं काम. दरवर्षी पोरं नवी असतात, चुका त्याच असतात. हुशारी कमी पडते असं नाही. प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात लाल-पिवळे ठिपके असलेला मेंदू हवा असतो, आणि त्या घाईत मशीनमध्ये झोपलेल्या माणसाकडे कुणी बघत नाही.

मान डोलावणारा माणूस

फंक्शनल एमआरआय, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते दाखवणारा स्कॅन, विचार मोजत नाही. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात जवळपासचा सिग्नल बिघडवतं. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये हेच दाखवलं. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे ताजं रक्त जास्त येतं आणि सिग्नल थोडा वाढतो. थोडा म्हणजे दीड टेस्लावर जेमतेम एक-दोन टक्के, आणि तोही पाच-सहा सेकंद उशिरा. डोकं मिलिमीटरभर सरकलं तर मेंदूच्या कडेला याच्या कितीतरी पट मोठा फरक पडतो.

यावल-रावेरकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीचा एक अभ्यास आम्ही करत होतो. हेडफोनवर शब्द ऐकू यायचा, 'हा मघाशी ऐकला होता का?' असा प्रश्न यायचा, आणि उजव्या हातातलं बटण दाबायचं. निकाल आला तेव्हा मेंदूच्या कडेकडेने गोल कडं उजळलेलं होतं. विद्यार्थी खूश. त्याने त्यावर दोन आठवडे लिहिलं. मी हालचालीचा आलेख उघडायला सांगितला, तर प्रत्येक प्रश्नासोबत डोकं वर-खाली झालेलं. मग काचेतून बघितलेलं सगळं आठवलं. आजी आधी 'हाव' (हो) म्हणायच्या, मान हलवायच्या आणि मग बटण दाबायच्या. आपल्याकडे कुणी काही विचारलं आणि माणूस गप्प पडून राहिला तर ते उद्धटपणाचं दिसतं. आम्ही 'हलू नका' एवढंच सांगितलं होतं. त्यांनी हातपाय हलवले नव्हते.

सॉफ्टवेअरमध्ये हालचाल दुरुस्त करता येते हे खरं. पण हालचाल आणि प्रश्न एकाच वेळी येत असतील तर हालचाल वजा करताना मेंदूचा प्रतिसादही वजा होतो. निम्म्याहून जास्त डेटा टाकून द्यावा लागला. ती माणसं एसटीने आली होती, दिवसाची मजुरी बुडवून. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून मी आदल्या दिवशी माणसाला साध्या टेबलावर झोपवतो. कपाळावर मायक्रोपोर पट्टी आडवी लावून दोन्ही टोकं टेबलाला चिकटवतो, मोबाइलवर मशीनचा आवाज लावतो आणि तेच प्रश्न विचारतो. डोकं हललं की पट्टी कातडी ओढते आणि माणसाला स्वतःलाच कळतं. सूचना अहिराणीत देतो: 'डोकं हालाडू नका.' एका बाबांनी विचारलं, 'मंग हाव कसं सांगू?' हा प्रश्न मशीनमध्ये जाण्याआधी यायला हवा. यात अर्धा तास जातो, आणि 'सर, हे वगळलं तर चालेल का?' असं मला हमखास विचारलं जातं. नाही चालणार. हालचालीमुळे मेंदूच्या भागांमधल्या जोडणीचे आकडे खोटे येतात हे २०१२ पासून वारंवार दिसून आलं आहे. लहान मुलं आणि वृद्ध जास्त हलतात, त्यामुळे 'वयानुसार फरक' म्हणून छापलेलं काही निव्वळ हलणंच असू शकतं.

डावं-उजवं

रेडिओलॉजिस्टच्या पडद्यावर रुग्णाची उजवी बाजू डावीकडे दिसते. संशोधनाची काही सॉफ्टवेअर्स उलटं दाखवतात. जुन्या अ‍ॅनलाइझ नावाच्या चित्र-फायलींमध्ये दिशा नीट नोंदलेलीच नसायची. निफ्टी या नंतरच्या प्रकारच्या फायलीत ती असते, पण रूपांतर करताना कुणी गडबड केली तर तीही बिघडते. उजवा हात मेंदूची डावी बाजू हलवते, पण एका मुलाला उजव्या हाताने बटण दाबल्यावर मेंदूची उजवी बाजू उजळलेली दिसली. दिशा तपासायची सोडून त्याने 'मेंदूची लवचीकता' असं कारण लिहून टाकलं. माझी सवय साधी आहे: प्रत्येकाच्या उजव्या कानशिलावर व्हिटॅमिन ई ची एक कॅप्सूल चिकटवायची. टी-वन चित्रात (मेंदूची रचना दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) ती पांढरीशुभ्र दिसते आणि वाद मिटतो.

धातू

लोडशेडिंग झालं म्हणजे चुंबक बंद झालं, असं अजूनही काही जणांना वाटतं. चुंबकाची अतिवाहक कॉईल (विरोधाशिवाय वीज वाहणारी तारेची गुंडाळी) उणे २६९ अंशांच्या आसपास द्रव हेलियममध्ये असते. लाइट गेली तरी चुंबक चालूच राहतं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत ऑक्सिजनचं सिलिंडर आत नेल्यामुळे एका तरुणाचा जीव गेला. साडीच्या सेफ्टी पिना, केसांतले आकडे, करदोडा, सगळं स्वतः विचारून काढायला लावा. फॉर्मवरच्या सहीवर विसंबू नका. काजळही पुसायला सांगा, काहींत लोहाचे कण असतात आणि डोळ्यांजवळचं चित्र वेडंवाकडं येतं.

पाणी, चहा आणि रक्त

भुसावळचा मे महिना पंचेचाळीस अंशांचा. तहानलेल्या माणसाच्या मेंदूचं आकारमान किंचित घटतं, आणि तुम्ही नेमकं तेच आकारमान मोजत असता. एका गटाचे स्कॅन मेमध्ये आणि दुसऱ्याचे डिसेंबरमध्ये घेतलेत तर मिळालेला फरक कशाचा म्हणायचा? उपास आणि रोजा आहे का ते विचारा, तासभर आधी दोन ग्लास पाणी द्या, सगळ्यांचे स्कॅन दिवसाच्या एकाच वेळी घ्या. चहाने मेंदूचा रक्तप्रवाह कमी होतो, म्हणून स्कॅनआधी चहा नको, पाहुणचार नंतर करा.

नंदुरबारकडच्या आदिवासी भागात सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार आढळतो. सिग्नलच हिमोग्लोबिनवर चालत असताना ते न मोजता दोन गटांची तुलना करणं मला मुळीच पटत नाही. शिवाय या आजारात कुठलंही लक्षण न दिसता मेंदूत छोटे इन्फार्क्ट (रक्त न पोचल्याने मेलेले भाग) झालेले असू शकतात. ते रेडिओलॉजिस्टला दाखवायलाच हवेत.

आकडेमोड

लाखभर व्हॉक्सेल्स (चित्रातले छोटे ठोकळे) प्रत्येकी पाच टक्क्यांच्या निकषावर तपासले तर पाच हजार नुसत्या योगायोगाने उजळतील. २००९ मध्ये मेलेल्या सॅमन माशाला स्कॅनरमध्ये ठेवून माणसांचे फोटो दाखवले गेले, आणि दुरुस्ती न केलेल्या आकडेमोडीत त्याच्याही मेंदूत 'सक्रियता' सापडली. हे माहीत असूनही मुलं ठिपके दिसेपर्यंत निकष सैल करत जातात. मी निकष स्कॅनआधी वहीत लिहून त्याखाली सही घेतो.

अमिग्डला (भीतीशी जोडला जाणारा मेंदूचा एक छोटा भाग) उजळला म्हणजे माणूस घाबरला, असं लिहू नका. तो इतर अनेक कामांतही उजळतो.

कच्ची चित्रं सिनेमासारखी पळवून स्वतःच्या डोळ्यांनी बघा, प्रत्येक माणसाची. याला पर्याय नाही.

आणि डेटा दुसऱ्या कुणाला देण्याआधी चेहरा काढून टाका. टी-वन चित्रातून नाक, ओठ, हनुवटी सगळं उभं करता येतं. हजारभर वस्तीच्या गावातला माणूस असेल तर वय आणि गाव वाचूनच लोक त्याला ओळखतील, म्हणून गावाचा रकाना मी रिकामाच ठेवतो.