प्लॅस्टिक केगमध्ये घरची बिअर कशी भरावी आणि कशी टिकवावी

ऑस्ट्रेलिया, ब्रिटन किंवा अमेरिकेत राहून घरी बिअर करणाऱ्याला बाटल्या धुण्याचा कंटाळा आला, की त्याची नजर केगकडे, म्हणजे दाबाखाली बिअर साठवायच्या पिंपाकडे, वळते, आणि 19 लिटरच्या पोलादी केगची किंमत पाहिली, की प्लॅस्टिकच्या केगकडे. ब्रिटनमध्ये 1963 पासून स्वतःपुरती बिअर करायला परवाना लागत नाही, ऑस्ट्रेलियात अशा बिअरवर उत्पादन शुल्क नाही, आणि अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे सुमारे 757 लिटर, बिअर करता येते. महाराष्ट्रात मात्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे पुढील माहिती जिथे कायद्याची मोकळीक आहे तिथल्या वाचकांसाठीच आहे.

बाजारात दोन अगदी वेगळ्या वस्तू ‘प्लॅस्टिकचा केग’ या एकाच नावाने विकल्या जातात. पहिली म्हणजे व्यावसायिक ब्रुअरीसाठी बनवलेला आणि खरोखरच एकदा वापरून टाकायचा केग. नेदरलँड्समध्ये बनणारा कीकेग हे त्याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण. त्यात बाहेरचे कवच आणि आत लवचीक पिशवी असते. बिअर पिशवीत राहते, आणि दाबाखालचा वायू पिशवी व कवच यांच्या मधल्या जागेत शिरून पिशवी पिळतो. वायू बिअरला शिवतच नसल्याने तो साधी हवा असला तरी चालतो. परंतु या केगला त्याचाच कपलर, म्हणजे नळ्या जोडायचा भाग, लागतो, आणि रिकामी झालेली पिशवी घरी नीट धुऊन पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. दुसरी वस्तू म्हणजे पिशवी नसलेला, पीईटी (पाण्याच्या बाटल्यांच्या) प्लॅस्टिकचा, आवळून बसवायच्या झाकणाचा केग. मेलबर्नच्या केगलँड कंपनीचे ऑक्सबार केग या प्रकारात मोडतात. त्यांच्या झाकणावर पोलादी केगसारखेच बॉल लॉक (दाबून बसवायचे) जोड बसत असल्याने घरातले जुने सामान वाया जात नाही. घरगुती वापरासाठी हा दुसरा प्रकारच घ्यावा असे माझे मत आहे, आणि पुढची पद्धत त्यालाच लागू आहे. हा केग काही वेळा पुन्हा भरता येतो, पण त्याचे आयुष्य मर्यादित आहे, हे गृहीत धरूनच त्याच्याकडे पाहावे.

पीईटीला उष्णता सोसत नाही. साधारण 70 अंश सेल्सिअसच्या आसपास ते मऊ पडू लागते, म्हणून उकळत्या पाण्याने केग निर्जंतुक करण्याची कल्पना मुळातच सोडून द्यावी आणि धुण्याचे पाणी कोमटच ठेवावे. पोलादी केगसाठी चालणारा कॉस्टिक सोडा इथे वर्ज्य आहे, कारण तीव्र अल्कलीमुळे ताणाखालच्या पीईटीला बारीक भेगा पडतात आणि त्या डोळ्यांना दिसण्याआधीच भिंत कमकुवत झालेली असते. घासणीचा ब्रशही आत घालू नये, कारण त्याच्या ओरखड्यांत जिवाणूंना आसरा मिळतो. केग रिकामा होताच कोमट पाण्याने विसळला, सौम्य क्षालकात थोडा वेळ भिजवला, पुन्हा विसळला आणि भरण्यापूर्वी फॉस्फरिक आम्लावर आधारित निर्जंतुक द्रावण फिरवले, की काम होते. झाकणाच्या रबरी कड्या मात्र काढून वेगळ्या धुवाव्यात. आल्याचा किंवा फळांचा वास त्या बराच काळ धरून ठेवतात आणि पुढच्या साध्या लागर बिअरमध्ये तो उतरतो.

दाबाच्या बाबतीत कोणतीही सवलत घेऊ नये. 2012 मध्ये अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील पोर्ट्समथ येथे एका ब्रुअरीत साफसफाई करताना दाबाखालची हवा सोडलेला प्लॅस्टिकचा केग फुटला आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. धोक्याचे कारण सरळ आहे: दाबलेला वायू ऊर्जा साठवून ठेवतो आणि भिंत फाटताच ती एका क्षणात मोकळी होते. म्हणून कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि केग यांच्यामध्ये दाब नियंत्रित करणारा रेग्युलेटर असलाच पाहिजे, झाकणावर दाब सोडणारी झडप असली पाहिजे, आणि ती झडप केगवर छापलेल्या कमाल दाबापेक्षा बरीच आधी उघडणारी असली पाहिजे. टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर या केगला कधीही जोडू नये. जुन्या केगची ताकद तपासायची असेल, तर तो काठोकाठ पाण्याने भरून मगच निर्मात्याने सांगितलेला चाचणीचा दाब द्यावा. पाणी जवळजवळ दाबले जात नसल्याने केग फुटलाच तरी स्फोट न होता फक्त पाणी सांडते. पडलेला, चेपलेला, उन्हात राहिलेला किंवा तळाजवळ पांढरट भेगा दिसणारा केग चाचणीच्या फंदात न पडता बाद करावा.

आता भरण्याकडे वळू. किण्वन (साखर आंबून मद्य होणे) पूर्ण झाले आहे याची खात्री घनतामापकाने करून घ्यावी. एक-दोन दिवसांच्या अंतराने तोच आकडा आला, तरच बिअर केगमध्ये न्यावी, नाहीतर उरलेली साखर बंद केगमध्ये आंबून अनियंत्रित दाब तयार करते. केग निर्जंतुक द्रावणाने काठोकाठ भरावा, झाकण लावावे, आणि कार्बन डायऑक्साइडच्या 0.3 बार (1 बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाएवढा दाब) एवढ्या हलक्या दाबाने ते द्रावण बिअरच्या जोडातून बाहेर ढकलावे. बॉल लॉकमध्ये सर्वसाधारणपणे राखाडी जोड वायूचा आणि काळा बिअरचा असतो. द्रावण संपले की केगमध्ये हवेऐवजी कार्बन डायऑक्साइडच उरतो, आणि 20 लिटरच्या केगला त्यासाठी जेमतेम 50 ग्रॅम वायू लागतो. नुसता वायू आत सोडून दाब दोन-चार वेळा काढून टाकण्यापेक्षा ही रीत कितीतरी विश्वासार्ह आहे. त्यानंतर किण्वनपात्रातील बिअर नळीने काळ्या जोडातून आत सोडावी आणि राखाडी जोडातून आतला वायू निघू द्यावा. 20 लिटरच्या केगमध्ये 19 लिटर भरून थांबावे.

वायू मुरवण्याचे दोन मार्ग आहेत. शीतकपाट असेल तर बिअर 4 अंशांवर ठेवून 0.8 बार, म्हणजे सुमारे 12 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), दाब आठवडाभर ते दहा दिवस जोडून ठेवावा. बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या साधारण अडीच पट वायू मुरतो आणि तेवढा बहुतेक ‘एल’ प्रकारच्या बिअरना पुरतो. शीतकपाटात जागा नसेल तर लिटरमागे सुमारे 6 ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळून, थंड करून केगमध्ये घालावी आणि केग 20 अंशांच्या आसपास दोन आठवडे ठेवावा. त्या तापमानाला तेवढाच वायू बिअरमध्ये राहण्यासाठी आतला दाब 2 बारच्या जवळ जातो, तेव्हा झडप त्याहून खाली उघडणारी असेल तर वायू निसटून बिअर मिळमिळीत राहील. या पद्धतीत तळाशी यीस्टचा थर बसतो, म्हणून पृष्ठभागावरून बिअर ओढणारी तरंगती नळी बसवणे चांगले.

गळती तपासताना एका गोष्टीने बरेच जण गोंधळतात. केग भरून, दाब देऊन सिलिंडर बंद केला की काही तासांत दाबमापकाचा काटा खाली येतो आणि झाकण गळते आहे असे वाटते. प्रत्यक्षात वायू बिअरमध्ये मुरत असतो, शिवाय पीईटी दाबाखाली किंचित ताणले जाऊन आतली जागा वाढते. गळतीची चाचणी म्हणून जोडांवर साबणाचे पाणी शिंपडून बुडबुडे पाहावेत. काट्यावर विसंबून राहू नये. याच्या उलट प्रकारही घडतो. खोलीच्या तापमानाची बिअर दाब न देता बंद करून थंड केली, की वरचा वायू आकसतो, थंड बिअर तो अधिक शोषते आणि केगच्या बाजू आत ओढल्या जातात. थंड जागी नेण्यापूर्वीच अर्धा-एक बार दाब दिला की हे टळते.

या केगची खरी मर्यादा ऑक्सिजन आहे. आत कार्बन डायऑक्साइडचा दाब असताना बाहेरची हवा आत कशी येईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण भिंतीतून झिरपताना प्रत्येक वायू फक्त स्वतःच्या आंशिक दाबाच्या फरकाने पुढे सरकतो. बाहेर ऑक्सिजन आहे आणि आत जवळजवळ नाही, एवढे कारण त्याला पुरते. त्याच न्यायाने आतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू बाहेर जातो. ऑक्सबारसारख्या केगमध्ये ऑक्सिजन अडवणारे मिश्रण असते. त्यामुळे हा वेग कमी होतो, पण शून्य होत नाही. थंडीत झिरपणे आणि ऑक्सिडेशन (ऑक्सिजनमुळे बिअर बिघडणे) दोन्ही मंदावतात. भरपूर हॉप्सची (बिअरला कडवटपणा व सुगंध देणाऱ्या फुलांची) आयपीए बिअर अशा केगमध्ये थंड ठेवून तीन-चार आठवड्यांत संपवावी असे मी सुचवीन. वर्षभर मुरवायची बार्ली वाइन ही कडक बिअर काचेच्या बाटलीत किंवा पोलादी केगमध्येच ठेवावी. केग पारदर्शक असेल तर त्यावर जाड काळे कापड गुंडाळावे, कारण सूर्यप्रकाशाने हॉप्समधील द्रव्ये बदलून बिअरला उग्र दर्प येतो.

बिअर ग्लासात काढताना फेसच फेस येत असेल तर दाब कमी करण्याआधी नळीची लांबी वाढवून पाहावी. 4 मि.मी. आतील व्यासाची सुमारे दोन मीटर नळी वर सांगितलेल्या दाबाला बहुधा योग्य ठरते. दाबच उतरवला तर पहिले ग्लास सुधारतात, पण दिवसागणिक बिअरमधला वायू निघून जातो. सिलिंडर नेहमी उभा आणि बांधून ठेवावा, आणि बंद गॅरेज किंवा गाडीत त्याची झडप घट्ट बंद असल्याची खात्री करावी. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने गळला तर खालच्या बाजूला साचतो.

केग बाद करायचा झाला, की प्रथम झडप उघडून आतला दाब पूर्ण काढावा आणि काटा शून्यावर आल्यावरच झाकण सैल करावे. दाबाखालचे झाकण चेहऱ्यावर उडू शकते. झाकण, जोड आणि नळी पुढच्या केगसाठी काढून घ्यावेत, भिंतीला भोक पाडावे म्हणजे तो कोणी पुन्हा दाबाखाली वापरणार नाही, आणि विसळलेले कवच स्थानिक पालिकेच्या नियमांप्रमाणे पुनर्वापराच्या प्लॅस्टिकमध्ये द्यावे.