बंद घर उघडताना या चुका टाळा: कोकण किनाऱ्यावरच्या घरांसाठी

पावसाळाभर बंद असलेल्या घराचं कुलूप काढलं की आधी कोंदट वास येतो. मग भिंतींवरचे काळे-हिरवे डाग दिसतात आणि चाकरमानी लगेच रंगाऱ्याला फोन लावतात. दिवेआगर, हर्णैपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत हीच घाई चाललेली दिसते, आणि सगळ्यात महाग पडते तीच. चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेतलेल्या घराच्या भिंतींत पाणी मुरलेलं असतं. त्याला बाहेर पडायला वेळ लागतो, आणि रंग त्याची वाटच बुजवतो.

म्हणून क्रम पाळा. पाणी कुठून आलं ते आधी शोधायचं, मग घर वाळू द्यायचं आणि बाकीची कामं त्यानंतर काढायची. गणपतीला घर उघडलंत तर साफसफाई करा, दिवे-पंप चालू करा आणि तिथेच थांबा. भाद्रपदात पाऊस संपलेला नसतो. भिंतींचं काम दिवाळीनंतरच हातात घ्या.

ओल्या भिंतीवर पुट्टी आणि रंग

जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. तो पाणी पितो आणि ऊन मिळालं की सोडतोही. जुन्या घरांतला चुन्याचा गिलावा ही ये-जा चालू देत असे. त्यावर सिमेंटचा गिलावा, वर पुट्टी, वर ‘वॉटरप्रूफ’ रंग असे थर चढवले की पाणी आत अडकतं. पुढच्या पावसाळ्यात रंगाला फुगे येतात, पापुद्रे सुटतात आणि पांढरा लोणा फुटतो. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडून काढा. धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात.

भिंत वाळली की नाही हे हात लावून कळत नाही. साधारण हातभर लांब-रुंद जाड प्लास्टिक भिंतीवर ठेवा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि 24 तासांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले असतील तर भिंत अजून ओली आहे. बाहेरच्या बाजूला दव असेल तर दमटपणा खोलीच्या हवेत आहे. चिकटपट्टी भिंतीला धरतच नसेल, तर उत्तर तिथेच मिळालं.

डाग कुठे आहे त्यावरून कारणही सापडतं. वाशांखालून उतरणारा डाग छपराचा. जमिनीपासून गुडघ्याएवढा चढलेला पट्टा जोत्यातून येणाऱ्या ओलीचा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका गेलेला डाग छज्ज्याचा किंवा चौकटीच्या फटीचा. छपरासाठी भर दुपारी आतले दिवे बंद करून वर बघा, सरकलेल्या किंवा माकडांनी फोडलेल्या कौलातून कवडसे पडलेले दिसतील. कौलं बदलायला शेवाळ वाळेपर्यंत कोणालाही वर चढवू नका. ओल्या शेवाळावरून पाय घसरतो आणि कौलंही फुटतात. नवी कौलं आणताना जुनं एक बरोबर न्या. वेगवेगळ्या कारखान्यांची मंगलोरी कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत.

खिडक्या दिवसभर उघड्या ठेवणं बरोबर, पण रात्रभर नको. ऊन चढल्यावर उघडा, संध्याकाळी हवा दमट व्हायच्या आत लावून घ्या. बुरशी कोरड्या झाडूने झटकू नका, ती घरभर उडते. तोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा. आणि बंद संडास-बाथरूममध्ये ब्लिचिंग पावडरवर अॅसिड कधीही ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि लहान जागेत तो जिवावर बेततो.

स्लॅबच्या पोपड्यांवर सिमेंट थापणं

ही चूक मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. समुद्राजवळच्या स्लॅबच्या घरांना दोन बाजूंनी मीठ मिळतं. खारा वारा तर असतोच, आणि काही घरांच्या काँक्रीटमध्ये न धुतलेली खाडीची वाळूही असते. मीठ सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते. गंजलेलं लोखंड फुगतं आणि खालचं काँक्रीट फोडतं. छताला सरळ रेषेत भेग आणि कडेने तपकिरी ओघळ दिसला, तर ती भेग सळईच्या मार्गावरच आहे असं समजा. गवंडी ती सिमेंटने बुजवून देतो, वरून छान दिसतं, आत सळई गंजतच राहते. पुढे तो तुकडा पलंगावर पडतो.

लाकडी दांड्याने हलकेच ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर त्याखालची खाट आधी हलवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. पोकळ काँक्रीट तोडून, सळई सगळ्या बाजूंनी गंज काढून साफ करून, गरज असेल तिथे नवी जोडून आणि गंजरोधक लेप देऊनच भरणा व्हायला हवा. रंगाचे पैसे इकडे वळवा, पण हे काम टाळू नका.

मेन स्विच थेट वर ओढणं

डीबी बॉक्स, म्हणजे घरातल्या सगळ्या लायनींचे स्विच असलेली पेटी, उघडायचीच असेल तर मेन बंद करून वायरमनकडून उघडून घ्या. तांब्याच्या तारांच्या टोकांवर हिरवट पावडर धरलेली असते, स्क्रू गंजलेले असतात, कधी आत पाल सुकून चिकटलेली असते. सैल, गंजलेला जोड तापतो आणि तिथूनच आग लागते. सगळे एमसीबी खाली ठेवून फक्त मेन वर करा, मग एकेक एमसीबी चढवा. ज्याने ट्रिप झालं त्याच लायनीत ओल आहे. ती वाळेपर्यंत बंद ठेवा. ट्रिप होतं म्हणून आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बायपास करून द्यायला सांगणारे लोक भेटतात. 30 मिलिअँपिअरवर तुटणारं ते यंत्र ओल्या घरात माणसाचा जीव वाचवतं. त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर ते पडलंच पाहिजे.

पंप नुसता गुणगुणत असेल आणि फिरत नसेल तर लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. जमिनीवरचा मोनोब्लॉक असेल तर वीज तोडून मागचा पंखा हाताने फिरवा. जाम असेल तर गंज धरलाय, मोकळा फिरत असेल तर बहुधा कपॅसिटर गेलाय. फिरतोय पण पाणी चढत नाही, तर बहुधा फुटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) गळतोय. गिझर मात्र गरम पाण्याच्या नळातून सलग धार आल्याशिवाय लावू नका.

विहिरीचं पाणी तसंच वापरणं

पाणी स्वच्छ दिसलं तरी पावसाळ्यात आजूबाजूचं सगळं विहिरीत उतरलेलं असतं. आधी शक्य तितका उपसा करा, पाणी भरू द्या, मग टीसीएल (ब्लिचिंग पावडर) टाका. मात्रा साधारण हजार लिटरला अडीच ग्रॅम. अडीच मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते होतं सुमारे 19,600 लिटर, म्हणजे जवळपास 50 ग्रॅम. पावडर बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा आणि पोहऱ्याने पाणी ढवळा. निदान तासभर पाणी काढू नका. उघड्या पिशवीत वर्षभर पडलेली पावडर निकामी झालेली असते, ताजी आणा. गाळ काढायला कोणालाही एकट्याला उतरवू नका, तळाशी वायू साचलेला असू शकतो.

अंधारात हात घालणं

कौलांची चळत, लाकडाचा ढीग, पडवीतले जुने बूट, पाण्याच्या मीटरची पेटी, या फुरशाच्या आणि लाल विंचवाच्या जागा. काठीने हलवा, बॅटरी मारा, मगच हात घाला. साप चावला तर कापू नका, आवळून बांधू नका. 108 ला फोन करून रुग्णालय गाठा. विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्या कामामुळे प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ झाला. लाल विंचू चावल्यावर मंत्र-तंत्रात वेळ घालवायचं काही कारण उरलेलं नाही.

वाळवीची नळी झाडून टाकणं

मातीची नळी पुसली की भिंत साफ दिसते, वाळवी दुसरीकडून चढते. नळी थोडी तोडून ठेवा. दोन-चार दिवसांत ती पुन्हा जोडली गेली तर आत वस्ती चालू आहे. ती जमिनीतून कुठे वर येते ते पेस्ट कंट्रोलवाल्याला दाखवा. वाशांखाली भुसा पडत असेल तर झाडून तिथे कागद पसरा. सकाळी ताजा भुसा दिसला तर भुंगा जिवंत आहे.

पुढच्या वेळी निघताना शेजारच्या कोणाकडे किल्ली ठेवा. नुसतं ‘लक्ष ठेवा’ म्हणू नका. पंधरवड्यातून एकदा, उघडीप असताना, दोन-तीन तास दारं-खिडक्या उघडायच्या आणि छपराखालच्या भिंतींचे फोटो पाठवायचे, हे ठरवून त्यांच्या कष्टाचे पैसे आधीच द्या. फ्रिज बंद करून दार किंचित उघडं, गाद्या उभ्या, कपाटांची दारं सताड उघडी, आणि गॅसचा रेग्युलेटर काढलेला.