हॉटेलात टिप देताना आधी बिल नीट वाचा

बिल आलं की लगेच पैसे काढू नका, आधी खालच्या ओळी बघा. सीजीएसटी अडीच आणि एसजीएसटी अडीच टक्के हा साध्या रेस्टॉरंटमधला टॅक्स झाला, तो द्यायचाच, पण त्याच्या वर ५ किंवा १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो देणं बंधनकारक नाहीये. २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तसे नियम काढलेत आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते कायम ठेवले. शांतपणे सांगा, "दादा, हा चार्ज काढून नवीन बिल द्या." वेटरवर अजिबात चिडू नका, बिल त्याने नाही बनवलेलं. मॅनेजर ऐकतच नसेल तर १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.

मग टिप? मी तरी दहा टक्क्यांच्या आसपास देते, आणि कॅशच, बडीशेपच्या डिशमध्ये न ठेवता हातात. हॉटेलच्या क्यूआर कोडवर यूपीआयने दिलेली टिप मालकाच्या खात्यात जाते, पुढे मिळते का ते वेटरलाच विचारा. टिप सगळ्यांत वाटतात का हेही विचारा, कारण आत भांडी घासणाऱ्या मावशी आपल्याला दिसतच नाहीत. आणि किमान वेतन देणं मालकाचंच काम आहे, टिप मिळते म्हणून पगार कमी ठेवणं मला अजिबात पटत नाही.