छापील चित्रे भिंतीवर कशी लावावीत : दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठापासून वर्तमानपत्राच्या कात्रणापर्यंत

मराठी घरात छापील चित्रांचा साठा बहुधा दिवाळी अंकांच्या जुन्या गठ्ठ्यातच सापडतो. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या पिढीने मुखपृष्ठाला स्वतंत्र चित्राची प्रतिष्ठा मिळवून दिली. दलालांनी तर १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा स्वतःचाच अंक सुरू केला. अशी मुखपृष्ठे, रविवारच्या पुरवणीतील छायाचित्रे आणि जपून ठेवलेली व्यंगचित्रे घरात लावण्याजोगी असतात. मात्र ती सेलोटेपने भिंतीला डकवली किंवा थेट फळीवर चिकटवून वर प्लास्टिकचा थर चढवून घेतला, की थोड्याच वर्षांत त्यांची रया जाते. घरच्या घरी, साध्या साहित्यात हे काम नीट कसे करता येते ते पाहू.

आधी कागद ओळखावा

वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्यापासून बनतो आणि त्या लगद्यात लिग्निन हा घटक तसाच राहिलेला असतो. प्रकाश आणि हवा यांच्या संपर्कात तो पिवळा पडतो, हळूहळू आम्ल तयार होते आणि कागद ठिसूळ होतो. ही क्रिया मंद करता येते, पूर्णपणे थांबवता येत नाही. मासिकाचा गुळगुळीत आर्ट पेपर यापेक्षा टिकाऊ असतो, पण त्याच्यावर खनिज मातीचा थर दिलेला असल्यामुळे तो भिजला आणि दुसऱ्या पानाला टेकला, की दोन्ही पाने एकमेकांना कायमची चिकटतात. म्हणून गुळगुळीत पान ओल्या फडक्याने पुसण्याचा मोह टाळावा. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकली तरी पुरे.

त्यावरून एक साधा नियम निघतो, आणि पुढचे सगळे काम त्यावर अवलंबून आहे. वर्तमानपत्रातील चित्र असेल तर त्याची चांगली प्रत काढून ती भिंतीवर लावावी आणि मूळ कात्रण अंधारात, फाइलमध्ये ठेवावे. मासिकाचे मुखपृष्ठ असेल तर मूळ पानच लावायला हरकत नाही, फक्त ते पुन्हा जसेच्या तसे सोडवून घेता येईल अशा रीतीने बसवावे. कात्रण सोडावॉटर आणि मिल्क ऑफ मॅग्नेशियाच्या मिश्रणात भिजवून आम्ल घालवण्याचा एक घरगुती उपाय पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो. त्यामागचे रसायनशास्त्र खोटे नाही. पण भिजलेला वृत्तपत्राचा कागद उचलताना सहज फाटतो आणि वाळताना सुरकुततो, त्यामुळे ज्याची दुसरी प्रत मिळणार नाही अशा कात्रणावर हा प्रयोग करू नये.

पान अंकातून सोडवणे

पिनांनी शिवलेल्या अंकाचे पान ओढून काढू नये. अंक मधोमध उघडावा, पिनेची वळलेली टोके बोथट सुरीने सरळ उभी करावीत आणि मग पाठीकडून पिन बाहेर घ्यावी. गंजलेली पिन कागदाला धरून बसलेली असते, तिथे घाई केली की नेमका मुखपृष्ठाचा कणा फाटतो. पाठ गोंदाने चिकटवलेली असेल तर पोलादी पट्टी ठेवून कटरने कण्यापासून दोन-तीन मिलिमीटर अंतरावर कापावे. कडेचा पांढरा भाग, अंकाचे नाव, किंमत आणि वर्ष छाटून टाकू नये. चित्राच्या सौंदर्यात त्यांचाही वाटा असतो. ‘किंमत दोन रुपये’ ही ओळ मला तरी चित्राइतकीच पाहावीशी वाटते.

अंक दुर्मीळ असेल तर पान काढूच नये, त्याचीही प्रत काढावी. ‘आवाज’ या विनोदी दिवाळी अंकातील खिडकीचित्रांचा, म्हणजे पानात कापलेल्या खिडकीतून मागच्या पानाचा भाग दाखवणाऱ्या चित्रांचा, विषयच वेगळा आहे. त्यांची गंमत पान उलटण्यात आहे आणि काचेमागे ती उरत नाही, म्हणून ती अंकातच राहू द्यावीत. कापण्यासाठी अंक हवे असतील तर रद्दीवाल्याकडे किंवा मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर फाटके, पाने गहाळ झालेले अंक शोधावेत. ते कापताना जीव हळहळत नाही.

घडी पडलेले किंवा गुंडाळून ठेवलेले पान सपाट करण्यासाठी ते दोन टिपकागदांच्या मध्ये ठेवून वर जाड पुस्तकांचे वजन द्यावे आणि आठवडाभर तसेच राहू द्यावे. इस्त्री फिरवू नये, कारण उष्णतेने गुळगुळीत थर आणि शाई दोन्ही बिघडू शकतात.

प्रत काढणे

वर्तमानपत्राच्या चित्रात पाठीमागच्या पानावरचा मजकूर झिरपल्यासारखा दिसतो. त्यावर सोपा इलाज म्हणजे प्रत काढताना कात्रणाखाली काळा कागद ठेवणे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर मागची अक्षरे उठून दिसतात, काळ्यावर ती बरीचशी लपतात. चित्र थोडे काळपट येते, पण ते नंतर उजळवता येते.

स्कॅनर असेल तर ६०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ६०० बिंदू या प्रमाणात, स्कॅन करावे. छापील चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते, आणि हे ठिपके व स्कॅनरच्या रेघा एकमेकींत अडकल्या की चित्रावर लाटांसारखी जाळी उमटते. बहुतेक स्कॅनरच्या सेटिंगमध्ये ‘डीस्क्रीन’ नावाचा पर्याय असतो. तो निवडला की ही जाळी पुष्कळ कमी होते. स्कॅनर नसला तर मोबाइलही चालतो. कात्रण व्हरांड्यात किंवा खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी सपाट ठेवावे, फ्लॅश बंद करावा आणि मोबाइल कात्रणाला अगदी समांतर धरावा. ४००० × ३००० पिक्सेलचे छायाचित्र ३०० डीपीआयने छापले तर साधारण १३ × १० इंचांची प्रत मिळते, म्हणजे ए-४ आकाराला ते सहज पुरते.

प्रत उजळवताना कागदाचा पिवळेपणा पूर्ण घालवू नये. शुभ्र पांढऱ्यावर छापलेले जुने छायाचित्र उपरे वाटते. थोडी पिवळसर झाक राहिली तर काळ्या शाईलाही ऊब येते. छपाई मॅट कागदावर, शक्यतो २०० जीएसएम (दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या) किंवा त्याहून जाड कागदावर करून घ्यावी. मूळ चित्र दुपटीपेक्षा मोठे करायचे झाले तर ठिपके डोळ्यांना दिसू लागतात. ते लपवत बसण्यापेक्षा चित्र आणखी मोठे करावे. व्यंगचित्राचा एकच चेहरा ए-३ आकारात, ठिपक्यांसकट, फार चांगला दिसतो.

माउंट आणि चौकट

फ्रेमवाल्याकडे चित्र थेट काचेला टेकवून बसवण्याची पद्धत सर्रास दिसते. पावसाळ्यात काचेच्या आत दमटपणा धरला की गुळगुळीत कागद काचेला चिकटतो, आणि तो मग सोडवता येत नाही. माउंटबोर्ड, म्हणजे मधोमध खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, काच आणि चित्र यांच्यात अंतर राखतो, आणि छोट्या चित्राला भोवती मोकळी जागाही देतो. हा पुठ्ठा आम्लमुक्त मागून घ्यावा. साध्या पुठ्ठ्यातील आम्लामुळे काही वर्षांनी चित्राच्या कडेने तपकिरी रेघ उमटते.

मापे अशी घ्यावीत. चित्र १८ × २४ सेंटिमीटर आहे असे समजू. खिडकी चारही बाजूंनी ३ मिलिमीटरने लहान, म्हणजे १७.४ × २३.४ सेंटिमीटर ठेवावी, म्हणजे चित्राची कड पुठ्ठ्याखाली धरली जाते. चौकटीचे आतील माप ३० × ४० असेल तर दोन्ही बाजूंना ६.३ सेंटिमीटर जागा उरते. वर आणि खाली मिळून १६.६ सेंटिमीटर उरतात. ते सारखे न विभागता वर ७.८ आणि खाली ८.८ ठेवावेत. अगदी समान ठेवले तर चित्र खाली घसरल्यासारखे भासते. खिडकी घरी कापायची असल्यास नवे पाते वापरावे आणि एका दमात न कापता तीन-चार वेळा हलके पाते फिरवावे. कोपरे साफ येत नसतील तर माप लिहून देऊन दुकानातून कापून घेणे शहाणपणाचे.

आता चित्र बसवण्याचा मुख्य भाग. चित्राला मागून सर्वत्र गोंद लावू नये. पातळ पण चिवट कागदाच्या दोन पट्ट्या, साधारण दोन सेंटिमीटर रुंदीच्या, चित्राच्या मागे फक्त वरच्या कडेला चिकटवाव्यात आणि त्यांची मोकळी टोके मागच्या पुठ्ठ्यावर चिकटवावीत. चित्र असे वरून टांगलेले राहते, दमट हवेत फुगायला आणि कोरड्या हवेत आकसायला त्याला वाव मिळतो आणि त्याला पोक येत नाही. पट्ट्यांसाठी जपानी टिश्यू उत्तम. तो न मिळाल्यास सुती चिंध्यांपासून केलेला पातळ हातकागद घ्यावा, ज्यात लिग्निन नसते. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी तो मिळू शकतो.

चिकटवण्यासाठी मैद्याची खळ पुरते. एक चमचा मैदा सहा चमचे पाण्यात गुठळ्या न होता कालवावा, मंद आचेवर सतत ढवळत शिजवावा, आणि मिश्रण पांढुरके न राहता चकाकू लागले की उतरवून गाळून घ्यावे. खळ त्याच दिवशी वापरावी आणि अगदी पातळ लावावी. बुकबाइंडर खळीला कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालतात. तो विषारी आहे आणि चित्राच्या कागदालाही हितकारक नाही, तेव्हा घरी तो घालू नये. खळीचे वैशिष्ट्य असे की पुढे कधी ओल्या कापसाने पट्टी भिजवली की ती सुटते. फेव्हिकॉल एकदा वाळला की असा सुटत नाही, आणि सेलोटेपचा गोंद कागदात मुरून तपकिरी डाग सोडतो.

शेवटी मागे हार्डबोर्ड लावून चौकटीच्या कडेने खाकी कागदाची पट्टी चिकटवावी, म्हणजे धूळ आणि कसर आत शिरत नाही. हे सारे काम पावसाळ्यात करू नये. त्या दिवसांत कागदाने ओल धरलेली असते आणि ती चौकटीत बंद होते. दिवाळीनंतरची कोरडी हवा यासाठी सर्वांत चांगली.

प्रतीवर सजावट

चित्र जसेच्या तसे न ठेवता त्यावर काही करावेसे वाटत असेल, तर आपल्याकडे त्याचा जुना पायंडा आहे. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या देवदेवतांच्या चित्रांवर घरोघरच्या बायका जर, टिकल्या आणि कापडाचे तुकडे चिकटवून लक्ष्मी-सरस्वतीला खरोखरीची वस्त्रे नेसवत. हाच प्रकार मुखपृष्ठाच्या जाड प्रतीवर करता येतो. साडीचा किंवा शालूचा मोठा, सपाट भाग असलेले चित्र निवडावे, त्या भागाचा आकार ट्रेसिंग पेपरवर उतरवून जुन्या रेशमी कापडावर बेतावा, कापण्याआधी कापडाला मागून पातळ खळ लावून वाळू द्यावी म्हणजे धागे सुटत नाहीत, आणि मग फेव्हिकॉलच्या अगदी पातळ थराने ते बसवावे. चेहरा आणि हात उघडेच ठेवावेत. टिकल्या काचेला टेकू नयेत म्हणून चौकट खोल घ्यावी.

ट्रे, डबा किंवा प्लायच्या फळीवर चित्रे चिकटवून वर वॉर्निश द्यायचे असेल, तर प्रत लेझर प्रिंटरवर किंवा झेरॉक्सवर काढलेली असावी. अनेक इंकजेट प्रिंटरची शाई पाण्याने फुटते. वर्तमानपत्राचे मूळ कात्रण इथे वापरू नये, कारण वॉर्निश लागताच तो कागद पारदर्शक होऊन मागचा मजकूर पुढे येतो.

घरात लावण्यासाठी एखाद-दुसरी प्रत काढणे आणि तिच्या प्रती विकणे यांत कायद्याने फरक आहे. भारतात चित्रावरील हक्क चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे विक्रीचा विचार असल्यास हक्कधारकाची परवानगी आधी घ्यावी.

जागा निवडणे

उन्हात छापील रंगांपैकी पिवळा आणि किरमिजी आधी उडतात. जुन्या सलूनमधील पोस्टरे निळसर झालेली दिसतात ती यामुळेच. म्हणून खिडकीसमोरची भिंत टाळावी. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत आणि स्वयंपाकघराची भिंतही टाळावी. दोन चौकटींपेक्षा जास्त लावायच्या असतील तर आधी जमिनीवर मांडून पाहाव्यात आणि चित्रांचे मध्यबिंदू जमिनीपासून सुमारे १४५ सेंटिमीटरवर येतील असे खिळे ठोकावेत. चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाचे छोटे तुकडे चिकटवले की भिंत आणि चौकट यांच्यात हवा खेळती राहते. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये चौकट एकदा उतरवून मागची बाजू पाहावी. खाकी कागदावर बुरशीचे ठिपके दिसले तर चौकट उघडून चित्र बाहेर काढावे, आणि हवा कोरडी होईपर्यंत ते टिपकागदात घालून कपाटात ठेवावे.