पत्त्याच्या यादीतले चुकीचे अक्षांश-रेखांश कसे दुरुस्त करावेत

सोलापूरचे शेकडो पत्ते एक्सेलमध्ये असतील, तर एकेक पत्ता नकाशावर शोधत बसू नका. आधी ढोबळ चुका गाळा. शहर आणि आसपासचा अक्षांश साधारण 17.5 ते 17.8 आणि रेखांश 75.7 ते 76.1 एवढाच असतो. फिल्टर लावा, बाहेरचे सगळे वेगळे काढा. अक्षांश 75.9 दिसला तर दोन्ही रकान्यांची अदलाबदल झाली आहे. तो बिंदू नॉर्वेच्याही उत्तरेला समुद्रात पडतो. अक्षांश 18.5 च्या जवळ असेल तर बहुधा पुण्याची मंगळवार किंवा बुधवार पेठ आली आहे. या नावांच्या पेठा दोन्ही शहरांत आहेत, म्हणून पुन्हा शोधताना पत्त्यात 'सोलापूर' आणि पिनकोड हवाच.

खरी फसवी चूक वेगळीच. घर सापडलं नाही की बरीच सॉफ्टवेअर 413005 सारख्या पिनकोडचा मध्यबिंदू देतात. आकडे सोलापूरचेच, त्यामुळे फिल्टरमधून सुटतात. एकच जोडी अनेक पत्त्यांना आहे का ते तपासा. अपार्टमेंट सोडून असे सगळे पत्ते संशयित धरा आणि सॅटेलाइट नकाशावर किंवा प्रत्यक्ष दारात उभं राहून नवा बिंदू घ्या. साखर पेठेसारख्या दाट वस्तीत तर दारातलाच घ्यावा.

दशांशानंतर पाच अंक ठेवा, म्हणजे साधारण एक मीटरपर्यंत नेमकेपणा. दोनच ठेवले तर घर अर्धा किलोमीटर सरकू शकतं. जुने आकडे पुसू नका. शेजारी वेगळा रकाना करून ठेवा, तपासल्याची तारीखही लिहा.