शाब्दिक उदाहरणातली चूक नेमकी कुठे होते?

शाब्दिक उदाहरण चुकले की आपण आधी आकडेमोड तपासतो. पण माध्यमिक वर्गातल्या विद्यार्थ्याची चूक पुष्कळदा पहिली ओळ मांडतानाच होऊन गेलेली असते. म्हणून उदाहरण पुन्हा सोडवून दाखवण्याआधी तो कोणत्या पायरीवर घसरला हे शोधावे. ऑस्ट्रेलियातल्या शिक्षणतज्ज्ञ ॲन न्यूमन यांनी १९७७ मध्ये मांडलेली पद्धत यासाठी आजही उपयोगी पडते. उदाहरण विद्यार्थ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे, काय विचारले आहे ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावावे, कोणती रीत वापरणार हे विचारावे, मग आकडेमोड बोलत बोलत करू द्यावी आणि शेवटी उत्तर पूर्ण वाक्यात लिहून घ्यावे. या वेळात आपण मध्ये बोलायचे नाही, आणि शिकवणाऱ्याला नेमके हेच जड जाते.

सर्वांत जास्त वेळ तिसऱ्या पायरीला, म्हणजे शब्दांवरून समीकरण मांडण्याला द्यावा. ‘एका शिक्षकामागे ६ विद्यार्थी आहेत’ हे वाक्य दिले की अनेक जण ६वि = शि असे लिहितात. ‘वि’ हे अक्षर त्यांनी विद्यार्थ्यांची संख्या म्हणून नव्हे, तर ‘विद्यार्थी’ या शब्दाचे लघुरूप म्हणून घेतलेले असते. येथे नियम सांगून भागत नाही. शिक्षक १० असतील तर विद्यार्थी किती, असे विचारावे. ६० हे उत्तर लगेच येते. तेच आकडे त्याला त्याच्या समीकरणात घालायला सांगितले की ३६० = १० असे निघते आणि खोडरबर तो स्वतःच उचलतो. वि = ६शि हे त्यानंतर त्याचे त्यालाच सुचू द्यावे आणि पुढे प्रत्येक चलासमोर ‘विद्यार्थ्यांची संख्या’ असे पूर्ण लिहिण्याचा आग्रह धरावा.

‘एकूण’ म्हणजे बेरीज, ‘वाढले’ म्हणजे अधिक, असल्या खुणा लहान वर्गांत कशाबशा चालतात. माझ्या मते त्या शिकवूच नयेत. ‘पुस्तकांची संख्या २० टक्क्यांनी वाढून ६०० झाली, तर मूळ संख्या किती?’ या उदाहरणात खुणेवर विसंबणारा ६०० मध्ये १२० मिळवून ७२० लिहितो आणि थोडा सावध असलेला तेच १२० वजा करून ४८० वर थांबतो. दुसऱ्याची चूक अधिक बोलकी आहे. त्याला पडताळा घ्यायला सांगावे: ४८० चे २० टक्के ९६, म्हणजे बेरीज ५७६. मग एवढेच विचारावे की हे २० टक्के कशाचे? मूळ संख्या क्ष धरून १.२क्ष = ६०० ही मांडणी झाली की ५०० हे उत्तर दूर नसते.

आकडेमोडीच्या चुका कच्चे काम नीट मांडले की बऱ्याच कमी होतात. उत्तर मात्र प्रश्नाशी ताडून पाहायला लावावे, कारण एका बसमध्ये ३६ जण बसत असतील आणि १,१२८ जणांना न्यायचे असेल, तर भागाकार ३१ आणि बाकी १२ बरोबर काढूनही बस ३२ लागतात.